वीज साठविण्याची शंभर वर्षे



धार आणि देवास या पवारांच्या संस्थानांचा इतिहास आपण बहुधा तलवारी आणि सनदा यांच्या आधारे सांगतो. मी आज विजेच्या अंगाने त्याकडे पाहणार आहे. १९२१ साली इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर हे देवास थोरल्या पातीच्या महाराजांचे खाजगी चिटणीस होते. बागा, मोटारी यांबरोबरच तेथील वीजघरही त्यांच्या देखरेखीखाली होते. शंभर वर्षांनी, जून २०२१ मध्ये, धार जिल्ह्यातील पिथमपूर येथे वाहनांच्या चाचणीसाठी ११.३ किलोमीटरची वेगवान धावपट्टी खुली झाली. दरम्यान वीज सांभाळण्याचे काम दरबारातून घराघरांत आले आहे. आज हौसेने प्रतिकृती-विमान उडविणारा विद्यार्थीही लिथियमची बॅटरी स्वतः चार्ज करतो. म्हणून तिचा इतिहास त्याला ठाऊक असणे अगत्याचे आहे.

शिसे-आम्ल बॅटरी प्लान्ते यांनी १८५९ साली सिद्ध केली. चार्जिंगचा अतिरेक झाला, तर तीतील पाण्याचे विघटन होई. ऊर्ध्वपातित पाणी घातले की बहुधा काम भागे. लिथियम इतके क्षमाशील नाही. १९७०च्या दशकात व्हिटिंगहॅम यांनी केलेल्या बॅटरीत लिथियम धातूच वापरला होता. चार्ज करताना त्यावर सुईसारखे अंकुर वाढत, ते पलीकडच्या अग्रास भिडत आणि आग लागे. १९८० साली गुडइनफ यांनी कोबाल्ट ऑक्साइडचे धनाग्र दिले. १९८५ साली योशिनो यांनी धातूच्या जागी कार्बनयुक्त द्रव्य योजले. १९९१ साली ही बॅटरी बाजारात आली आणि २०१९ साली या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु जुना शत्रू संपलेला नाही. कार्बनच्या थरांत आयनांना शिरण्यास अवधी लागतो. प्रवाह बेसुमार वाढविला किंवा बॅटरी गोठणबिंदूपर्यंत थंड असली, तर लिथियम पुन्हा धातुरूपाने पृष्ठभागावर साचते. म्हणूनच चार्जर आरंभी प्रवाह स्थिर ठेवतो आणि प्रत्येक घटाचा दाब ४.२ व्होल्टांवर पोहोचला की तो दाब कायम राखून प्रवाह उतरू देतो. २२०० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीस, निर्मात्याने अधिक मुभा दिली नसेल तर, २.२ अँपिअर हीच मर्यादा मानावी. तेवढ्याने ती सुमारे तासा-सव्वातासात भरते. अनेक घटांची बॅटरी असल्यास सर्व घटांचा दाब समान राखणारा, लिथियमसाठीच बनविलेला चार्जर हवा. उड्डाणानंतर तापलेली बॅटरी आधी निवू द्यावी. फुगलेली बॅटरी कधीही चार्ज करू नये. चार्जिंग फरशीवर, कागद व कपड्यांपासून दूर करावे आणि ते चालू असताना तेथून हलू नये.

पिथमपूरच्या धावपट्टीवरही वाहन वेगाने धावते ते मोजमापाच्या पहाऱ्यातच. लिथियमच्या इतिहासातही वेग वाढला तो मर्यादा ओळखणाऱ्यांच्या हातून. आपल्या प्रयोगशाळेत ही मर्यादा पाळली जावी, एवढीच माझी विनंती आहे.