सर्वनाम-पूर्वपद मेळ (इंग्रजी व्याकरण)

ज्या नामाऐवजी सर्वनाम योजले जाते त्याला पूर्वपद म्हणतात (समासातील पूर्वपदाशी त्याचा संबंध नाही), आणि सर्वनामाचे लिंग, वचन व पुरुष या पूर्वपदाप्रमाणे असणे म्हणजे दोहोंचा मेळ होय. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी १८३६ मध्ये इंग्रजी व्याकरणाचा नमुना समोर ठेवून मराठीचे व्याकरण सिद्ध केल्यामुळे दोन्ही भाषांतील शब्दजातींची मांडणी सारखी दिसते. हा मेळ मात्र दोन्हीकडे वेगवेगळ्या तत्त्वांवर बसतो.

मराठीत लिंग मुख्यतः शब्दाचे असते. सातारा तो, सांगली ती आणि महाबळेश्वर ते, हे बोलणाऱ्याला शिकवावे लागत नाही. शिवाय क्षेत्र महाबळेश्वरातील देव अभिप्रेत असेल तर ‘तो’ आणि थंड हवेचे ठिकाण अभिप्रेत असेल तर ‘ते’ येत असल्याने, एकाच नावाचा कोणता अर्थ घ्यायचा हे सर्वनामावरूनच कळते. इंग्रजीत लिंग अर्थाचे असते: पुरुषाला ‘ही’, स्त्रीला ‘शी’, आणि गाव, नदी, दगड अशा सर्वांना सरसकट ‘इट’.

मराठी विद्यार्थ्याची खरी अडचण षष्ठीच्या सर्वनामात होते. ‘तिचा भाऊ’ यातील ‘ति’ हा अंश बहिणीशी जुळतो, तर ‘चा’ हा प्रत्यय भावाशी. इंग्रजीत दुसरी जुळणी मुळातच नसल्याने, भावाच्या पुल्लिंगाकडे पाहून ‘हर’ऐवजी ‘हिज’ लिहिले जाते. आदरार्थी बहुवचनाचेही असेच आहे. ‘बाई आल्या, त्यांनी हजेरी घेतली’ हे मराठीत निर्दोष आहे, परंतु त्याच सवयीने एका बाईंना इंग्रजीत ‘दे’ म्हटले, तर वाचकाला अनेक बाई आल्याचा भास होतो.

‘ईच’, ‘एव्हरी’, ‘एव्हरीवन’ ही पदे एकवचनी मानली जातात, म्हणून जुनी पाठ्यपुस्तके त्यांच्यापुढे ‘हिज’ सांगत. भारतातील १८९७ च्या सामान्य खंड अधिनियमाच्या कलम १३ नेही, संदर्भ विरुद्ध नसेल तर, पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचा समावेश धरला. कायद्याला ते पुरले, गद्याला पुरत नाही. एकवचनी अर्थाचा ‘दे’ अलीकडची फॅशन आहे असा समज असला, तरी तो प्रयोग चौदाव्या शतकापासून आढळतो आणि आज अनेक शैलीपुस्तिकांनी स्वीकारलेला आहे. मराठीत ‘प्रत्येकाने आपले पुस्तक आणावे’ असे म्हणता येते, कारण ‘आपला’ हे आत्मवाचक सर्वनाम कर्त्याकडे वळते आणि त्याचे लिंग विचारीत नाही.

‘ऑर’ने जोडलेल्या दोन पूर्वपदांपैकी सर्वनामाच्या जवळच्या पदाशी मेळ घालावा, असा संकेत आहे. समूहवाचक नाम एक गट म्हणून घेतल्यास ‘इट’ आणि गटातील माणसे अभिप्रेत असल्यास ‘दे’ येते. ब्रिटिश लेखनात दुसरा प्रकार अधिक चालतो.

मेळ बरोबर असूनही पूर्वपद संदिग्ध राहू शकते. ‘वेण्णा माहुलीजवळ कृष्णेला मिळते आणि ती पुढे सांगलीकडे जाते’ या वाक्यात दोन्ही नद्या आणि माहुली हे गावही स्त्रीलिंगी असल्याने ‘ती’ कोण हे व्याकरण सांगत नाही, भूगोल सांगतो. इंग्रजीत तर गाव कोणतेही असो, ते आणि नदी दोन्ही ‘इट’ असल्याने ही स्पर्धा टळतच नाही. अशा ठिकाणी सर्वनाम सोडून ‘कृष्णा’ हे नाम पुन्हा लिहिणे योग्य ठरते. पुनरुक्तीच्या भीतीने ते टाळणे हा शैलीचा गैरसमज आहे.