लोणासुराचे मीठ आणि आपला इतिहास

लोणारला येणारा प्रवासी दोन इतिहास ऐकून परत जातो. पहिला दगडाचा. आकाशातून आलेल्या अशनीने काळ्या खडकात सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे विवर पाडले. अलीकडच्या मोजमापानुसार ही घटना सुमारे 5 लाख 70 हजार वर्षांपूर्वीची. दुसरा इतिहास देवाचा. लोणासुर नावाचा दैत्य येथे भुयारात राहत होता, विष्णूने त्याला मारले, म्हणून गावातल्या कोरीव मंदिराचे नाव दैत्यसूदन. या दोन इतिहासांमध्ये राबणारा माणूस कोठे आहे? हा प्रश्न मला पुस्तकांनी घातला नाही. तो आपल्या वस्तीने घातला.

मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. घराण्यात पदवी घेणारा मी पहिलाच. गेल्या वर्षावासात विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन झाल्यावर दर रविवारी अर्धा तास आपल्या भागाच्या इतिहासावर बोलावे, असे मंडळींनी ठरवले आणि ते काम माझ्याकडे आले. पहिल्या रविवारी मी जय्यत तयारीने गेलो. 1823 साली सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने या सरोवराची नोंद केली, हे सांगितले. त्याही आधी, अकबराच्या काळी लिहिलेल्या ‘आइन-ए-अकबरी’त काच आणि साबण करण्यास लागणारा माल येथे निघतो व त्यातून सरकारला चांगला महसूल मिळतो असा उल्लेख आहे, हेही सांगितले. मागे भिंतीला टेकून बसलेल्या एका आजींनी विचारले, “बापू, खार निघे म्हनतं, तं तो काढे कोन?”

मी गप्प झालो. मी वाचून दाखवलेल्या नोंदीत महसूल होता, हात नव्हते.

परंतु नोंद गप्प असली तरी काम गप्प नसते. उन्हाळ्यात सरोवराचे पाणी आटते आणि काठाच्या चिखलावर खाराचा थर धरतो. तो गोळा करायचा तर त्या चिखलात कोणाला तरी उतरावे लागते. विवराचा काठ तळापासून शंभराहून अधिक मीटर उंच. भरलेली पाटी ती चढण आपोआप चढून येत नाही. जिथे महसूल आहे तिथे श्रम आहे, आणि श्रम करणाऱ्याचे नाव गाळून जो इतिहास लिहिला जातो तो अर्धा इतिहास असतो. दंतकथा तर याहून पुढे जाते. सरोवराचे पाणी हे लोणासुराचे रक्त आणि त्यातले मीठ हे त्याचे मांस, असे ती सांगते. मारले गेलेल्याच्या देहातून संपत्ती निघते, आणि पूजा मारणाऱ्याची होते!

दुसऱ्या रविवारी एक तरुण उठून म्हणाला, “सर, लोणासुर आपलाच राजा होता, असे सरळ का सांगत नाही?” त्याच्या रागाला आधार आहे. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ लिहून अवतारकथांची उलटतपासणी केली आणि बळीला लोकांचा राजा म्हणून उभे केले. ज्याला दैत्य म्हटले तो कोण होता, असे विचारण्याचा अधिकार त्यांनीच आपल्याला मिळवून दिला. त्या जोतीरावांचे चरित्र 1927 साली मराठीत लिहिणारे पंढरीनाथ पाटील आपल्या बुलढाणा जिल्ह्यातलेच.

तरीही मी त्या तरुणाला होकार दिला नाही. एका पुराणाच्या जागी दुसरे पुराण ठेवणे म्हणजे इतिहास नव्हे. बाबासाहेबांनी 1948 च्या आपल्या ग्रंथात अस्पृश्यतेच्या उगमाचा शोध घेतला. जिथे दुवा तुटलेला होता तिथे त्यांनी तर्क केला, पण तो तर्क म्हणूनच मांडला. ही शिस्त आपण सोडली तर आपल्याला खोडून काढणे इतरांना फार सोपे जाईल.

मग आपला पुरावा कोठे आहे? तो आपल्या घरातच आहे. आज आमचे विद्यार्थी जातपडताळणीसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा कागद शोधत तहसील कचेरीत हेलपाटे घालतात. तेथे कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदीत, पणजोबांचे नाव सापडते. बाप, मुलगा, जात, एवढेच. खबर देणारा कोतवाल पुष्कळ गावांत आपलाच, लिहिणारा मात्र दुसरा. 14 ऑक्टोबर 1956 ला जी ओळख आपण टाकली, तीच सिद्ध करायला तो कागद लागतो. 1990 पासून बौद्धांनाही अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती मिळाल्या, तरी पुरावा जुन्या जातीचाच द्यावा लागतो. तो कागद आपला इतिहास सांगतो, पण सगळा सांगत नाही.

उरलेला इतिहास आजींनी सांगितला. त्यांच्या माहेरच्या गावची गोष्ट. “पाणी आपल्या हातानं घ्याची सोय नव्हती. घागर ठेवाची अन् दूर सरकून उभं राहाचं. कोनी वरून ओतलं तं ओतलं.” महाडच्या चवदार तळ्यावर 20 मार्च 1927 ला काय घडले ते मी वर्गात अनेकदा शिकवले होते. ते का घडावे लागले, हे त्या दिवशी मला नव्याने समजले.

2020 मध्ये लोणार सरोवराला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. वारसा जपण्याची भाषा आता सगळीकडे ऐकू येते. जपावाच. पण विवराचा दगड आणि मंदिराचा खांब पुढची शंभर वर्षे उभा राहील. आजींची आठवण तेवढे दिवस थांबणार नाही. म्हणून शिक्षक आणि कार्यकर्ते मित्रांना माझे सांगणे आहे, की प्रत्येक विहारात एक वही ठेवा. जो सांगेल त्याचे त्याच्याच बोलीत लिहून घ्या; ऐकीव ते ऐकीव म्हणून, पाहिलेले ते पाहिलेले म्हणून लिहा, आणि कागद सापडला तर त्याची नक्कल शेजारी चिकटवा.

आमच्या वहीच्या पहिल्या पानावर आम्ही आजींचा प्रश्न लिहिला आहे. खार काढे कोन?