स्वीडिश मीटबॉल आणि ताटाची डावी बाजू

जळकोट (जि. लातूर) : मीठ, लिंबू, चटणी आणि कोशिंबीर ताटाच्या डाव्या बाजूला वाढण्याची रीत मराठी घरांत जुनी आहे. जड जेवणाला तोंडाची चव देण्याचे काम ही डावी बाजू करते. स्वीडिश मीटबॉलच्या ताटाचा विचारही याच बाजूने केला, तर त्यासोबत काय वाढावे, हा प्रश्न फारसा अवघड राहत नाही. खिम्याचे लहान गोळे आणि त्यावर मैदा, लोणी व साय घालून केलेला दाट रस्सा, एवढाच हा मूळ पदार्थ. त्यात मिरची नाही, आंबटपणाही नाही. तो सारा भार शेजारच्या पदार्थांवर असतो.

हैदराबादेत ऑगस्ट 2018 मध्ये ‘आयकिया’ या स्वीडिश फर्निचर कंपनीचे भारतातील पहिले दालन सुरू झाले आणि तेथील उपाहारगृहात चिकनचे व शाकाहारी मीटबॉल मिळू लागले. डिसेंबर 2020 मध्ये नवी मुंबईतील दालन उघडले. जळकोट-उदगीर हा भाग 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, आणि उदगीरमार्गे रेल्वेने हैदराबादशी असलेला संबंध आजही तुटलेला नाही. निजामी वळणाचे कोफ्ते या भागाला परके नाहीत. ‘कोफ्ता’ हा शब्दच कुटणे या अर्थाच्या फारसी क्रियापदावरून आला आहे. स्वीडनचा राजा बारावा चार्ल्स 1709 मधील पोल्तावाच्या पराभवानंतर 1714 पर्यंत तुर्की साम्राज्याच्या आश्रयाला होता आणि त्याने तेथून हा पदार्थ मायदेशी नेला, असे स्वीडनच्या अधिकृत ट्विटर खात्याने 2018 मध्ये जाहीर केले होते. इतिहासकारांना मात्र त्यासाठी पुरेसा पुरावा दिसत नाही. काय्सा वार्ग यांच्या 1755 च्या पाकपुस्तकात मीटबॉलची कृती आहे, एवढे निश्चित.

स्वीडनमध्ये या पदार्थासोबत उकडलेला किंवा कुस्करलेला बटाटा, लिंगनबेरी या लाल आंबट फळाचा मुरंबा आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेली काकडी हे तिघे ठरलेले असतात. बटाट्याचे काम सोपे आहे. अर्धा किलो बटाटे उकडून गरम असतानाच कुस्करावेत, त्यात 50 ग्रॅम लोणी, अर्धी वाटी गरम दूध, मीठ आणि चिमूटभर जायफळ घालावे. दूध थंड असेल तर बटाटा चिकट होतो. फोडणी, हळद, कोथिंबीर यांपैकी काहीही घालू नये. ती बटाट्याची भाजी होईल आणि रश्श्याची चव मागे पडेल. घाईच्या दिवशी स्वीडिश घरांत बटाट्याऐवजी उकडलेली मॅकरोनी चालते. ती येथील किराणा दुकानांतही मिळते.

काकडीच्या पातळ चकत्यांना मीठ लावून वर जड पाटा अथवा पाण्याने भरलेले पातेले ठेवावे. अर्ध्या तासाने सुटलेले पाणी पिळून काढावे. स्वीडनमधील प्रमाण एक भाग व्हिनेगर, दोन भाग साखर, तीन भाग पाणी असे सांगितले जाते. पण ते 12 टक्के तीव्रतेच्या व्हिनेगरसाठी. आपल्याकडचे व्हिनेगर साधारण चार टक्क्यांचे असते. तेच प्रमाण घेतल्यास काकडी नुसतीच गोड पाणचट होते. पाणी जवळपास वगळावे आणि साखर व्हिनेगरच्या निम्मी ठेवावी, हे बरे. बीटाची दह्यातली कोशिंबीरही येथे शोभते. स्वीडनमध्ये मेयोनेजमध्ये कालवलेले बीट मीटबॉलच्या सँडविचवर घालतात. फक्त नेहमीचे दाण्याचे कूट टाळावे. दाट रश्श्यासोबत ते जड होते.

खरी अडचण लिंगनबेरीची. आयात केलेली बाटली महाग पडते, आणि तिच्या जागी स्ट्रॉबेरी जॅम ठेवला तर मांसाशेजारी केवळ गोडवा येतो. लाल, आंबट आणि किंचित तुरट असे काही हवे असेल तर ते मराठवाड्यातच आहे : लाल अंबाडीची बोंडे. ज्वारीच्या शेताच्या कडेने अंबाडी पेरण्याची पद्धत या भागात होती. पाल्याची भाजी होई, सालीचा वाख निघे. लातूर जिल्ह्यात खरिपाची जमीन मोठ्या प्रमाणावर सोयाबीनकडे गेल्यापासून ज्वारीबरोबर तिची ही सोबतीणही मागे पडली. दिवाळीच्या आसपास बोंडे तयार होतात. आतली बियांची गाठ काढून लाल पाकळ्या दोन वाट्या घ्याव्यात, एक वाटी पाण्यात मऊ शिजवाव्यात आणि दीड वाटी साखर घालून आटवाव्यात. या पाकळ्यांत पेक्टिन असल्याने मुरंबा आपोआप घट्ट होतो. लिंगनबेरी नुसती साखरेत ढवळूनही टिकते, कारण तिच्यात मुळातच बेन्झॉइक आम्ल असते; अंबाडीला मात्र शिजविण्यावाचून गत्यंतर नाही. बोंडांचा हंगाम नसेल तेव्हा कैरीचा मेथांबा मेथी कमी घालून वापरता येईल. बाटलीवर खर्च करण्यापेक्षा बांधावर चार रोपे लावणे शहाणपणाचे. शहरवासीयांना ती कुंडीतही लावता येतात.

पोळी किंवा पुलाव या ताटात फारसा रमत नाही. भाकरीचे तसे नाही. ताज्या ज्वारीच्या भाकरीचा काला सायीच्या रश्श्यात उत्तम लागतो. स्वीडिश जेवणात राईच्या पिठाची कुरकुरीत, महिनोन्‌महिने टिकणारी पातळ भाकरी असते. तिची जागा सोलापूर-लातूरकडची कडक भाकरी सहज घेते : तोडून, लोणी लावून, रश्श्याबाहेर ठेवावी, म्हणजे तिचा कुरकुरीतपणा जात नाही.

घरातील वडीलधाऱ्यांकडून ठेच्याची मागणी होणारच. तो अवश्य द्यावा, पण वेगळ्या वाटीत. रश्श्यात मिसळला की साय आणि मुरंबा दोन्ही गप्प होतात. खिमा मटणाचा असो वा चिकनचा, त्यात काळा मसाला अथवा येसर न घालणेही त्याच कारणासाठी आवश्यक आहे. चार जणांसाठी अर्धा किलो खिमा, तेवढाच बटाटा, दोन काकड्या आणि माणशी दोन चमचे मुरंबा पुरेसा होतो. काकडी तासभर आधी आणि मुरंबा आदल्या दिवशी करून ठेवावा. बटाटा मात्र वाढण्याच्या वेळीच कुस्करावा.