उन्हाळ्याची संहिता : अहमदाबादचा उष्णता कृती आराखडा आणि त्याची पूर्वपरंपरा

१

भारतीय साहित्यपरंपरेत ग्रीष्माला मानाचे स्थान आहे. कालिदासाच्या नावावर असलेल्या ‘ऋतुसंहारा’चा पहिला सर्गच ग्रीष्माचा आहे, आणि प्रादेशिक भाषांमधील बारमास्यांनीही वैशाख-ज्येष्ठाच्या काहिलीला विरहाची पार्श्वभूमी म्हणून सातत्याने वापरले आहे. प्रशासकीय लेखनात मात्र उन्हाळ्याला फार काळ स्वतंत्र जागा नव्हती. महापूर, भूकंप, दुष्काळ, साथीचे रोग यांचे अहवाल निघाले, आयोग नेमले गेले, कायदे झाले. उन्हाळा दरवर्षी येतो आणि दरवर्षी जातो. जे नित्य घडते त्याची ‘घटना’ म्हणून नोंद करण्याची प्रथा दप्तरांत सहसा नसते. उन्हाने माणसे दगावत होती, परंतु ती एकेकटी, आपापल्या घरात किंवा कामाच्या जागी दगावत असल्यामुळे त्या मृत्यूंची सामुदायिक ओळख तयार होत नव्हती.

या पार्श्वभूमीवर २०१३ साली अहमदाबाद महानगरपालिकेने प्रसिद्ध केलेला उष्णता कृती आराखडा विचारात घ्यावा लागतो. दक्षिण आशियातील या स्वरूपाचा पहिला आराखडा म्हणून त्याचा निर्देश केला जातो. हवामानबदलाच्या परिणामांना तोंड देण्याचे नियोजन एका नगरसंस्थेने केले, एवढ्यापुरतेच त्याचे महत्त्व मर्यादित नाही. एका ऋतूचे रूपांतर शासकीय कर्तव्यात करणारी ही संहिता आहे, आणि ‘संहिता’ या शब्दाचे नियमग्रंथ व पाठ असे दोन्ही अर्थ तिला लागू पडतात. ती कशातून घडली, तिच्यामागे कोणती परंपरा आहे आणि ती कोणाशी कोणत्या भाषेत बोलते, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

आराखड्याचे निकटचे कारण म्हणजे मे २०१० मधील उष्णतेची लाट. त्या महिन्याच्या २१ तारखेला अहमदाबादचे तापमान ४६.८ अंश सेल्सिअसपर्यंत चढले. शहराला असे उन्हाळे सर्वस्वी अपरिचित नव्हते. १९१६ च्या मे महिन्यात पारा ४७.८ अंशांवर गेल्याची नोंद होती. परंतु २०१० सालच्या लाटेचे खरे स्वरूप तापमापकापेक्षा मृत्युनोंदवहीतून उघड झाले.

उष्माघाताने मृत्यू झाला असे प्रमाणपत्र मिळण्यासाठी रुग्ण वेळेवर रुग्णालयात पोहोचावा लागतो, त्याचे शरीराचे तापमान मोजले जावे लागते आणि वैद्याने तसे निदान नोंदवावे लागते. दुपारी पत्र्याच्या घरात निपचित पडलेल्या वृद्धेच्या किंवा बांधकामावर कोसळलेल्या मजुराच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी क्वचितच घडतात. त्यांचा मृत्यू हृदयविकार, श्वसनविकार किंवा वार्धक्य या सदराखाली जातो. त्यामुळे संशोधकांनी कारणांचा स्तंभ बाजूला ठेवला आणि केवळ संख्या मोजल्या. मे २०१० मध्ये शहरात सर्व कारणांनी मिळून ४,४६२ मृत्यूंची नोंद झाली होती. २००९ व २०११ या वर्षांच्या मे महिन्यांची सरासरी ३,११८ होती. म्हणजे एका महिन्यात १,३४४ मृत्यू अधिक, सुमारे ४३ टक्के वाढ. हा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला.

जन्ममृत्यूची नोंद ठेवणे हे स्थानिक संस्थेचे सर्वांत नीरस काम समजले जाते. नोंदणी कारकून, वही, शिक्का यांपलीकडे त्यात काही असेल असे सहसा कोणाला वाटत नाही. परंतु ज्या मृत्यूंना त्यांच्या कारणाचे नाव मिळाले नव्हते, त्यांचा पुरावा याच वह्यांनी जपून ठेवला होता. तापमानाचे अंदाज आणि जागतिक प्रारूपे बाहेरून आली. शोक करण्याचे कारण मात्र पालिकेच्या स्वतःच्या दप्तरातच सापडले.

३

हे दप्तर एका दीर्घ परंपरेचा भाग आहे. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावाने स्थानिक स्वराज्याची कल्पना ब्रिटिश हिंदुस्थानात रुजवली. अहमदाबादेत १८८५ साली गिरणीउद्योगाचे प्रवर्तक रणछोडलाल छोटालाल नगरपालिकेचे पहिले हिंदी अध्यक्ष झाले. नळाचे पाणी आणि भुयारी गटारे यांचा त्यांनी आग्रह धरला. करदात्यांचा व सनातन्यांचा विरोध पत्करून शहराची पाणीयोजना १८९१ मध्ये सुरू झाली. पुढे वल्लभभाई पटेल १९२४ ते १९२८ या काळात नगराध्यक्ष होते आणि १९२७ च्या गुजरातमधील महापुरात मदतकार्याची धुरा त्यांनी वाहिली. त्यानंतर १९३० च्या दशकात हे पद गणेश वासुदेव मावळंकर यांनी भूषविले. मूळचे रत्नागिरीकडील, मराठी घरातले, गुजरातीत लेखन करणारे आणि पुढे लोकसभेचे पहिले अध्यक्ष झालेले मावळंकर हे दोन भाषाप्रदेशांमधील नागरी देवाणघेवाणीचे बोलके उदाहरण होत. कायद्याच्या बाजूनेही हे नाते टिकले. द्विभाषिक मुंबई इलाख्यात १९४९ साली जो प्रांतिक महानगरपालिका अधिनियम झाला, त्यानुसार १९५० मध्ये अहमदाबाद महानगरपालिका अस्तित्वात आली. त्याच अधिनियमाखाली पुण्याचा कारभारही चालला.

या परंपरेतील नगरपित्यांनी पाणी, मैला, पूर व साथ यांना पालिकेचे विषय मानले. उष्णता त्या यादीत नव्हती. १९९३ पासून अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावे परिशिष्ट जोडून नगरसंस्थांची अठरा कामे नमूद केली. त्यांत सार्वजनिक आरोग्य आहे, नागरी वनीकरण आणि पर्यावरणरक्षण आहे, झोपडपट्टी सुधारणा आहे. हवामानबदल हा शब्द त्यात नाही, आणि १९९२ साली तो असण्याची अपेक्षाही रास्त नव्हे. २००८ साली केंद्राने हवामानबदलाविषयीची राष्ट्रीय कृती योजना जाहीर केली, तरी तिची रचना राष्ट्रीय अभियानांची होती. म्हणजे २०१३ साली अहमदाबादने जे केले ते करण्याचा स्पष्ट आदेश पालिकेला कोणीही दिलेला नव्हता.

४

अंगीकृत कर्तव्याची ही संहिता कशी रचलेली आहे? तिची मांडणी वर्षाच्या चक्रावर आधारलेली आहे : उन्हाळ्यापूर्वीची तयारी, उन्हाळ्यातील कार्यवाही आणि पावसाळ्याच्या तोंडाशी घेतलेला आढावा. सात दिवसांच्या तापमान-अंदाजावरून इशारे दिले जातात. मूळ आराखड्यात ४१.१ ते ४३ अंशांना पिवळा, ४३.१ ते ४४.९ अंशांना नारिंगी आणि ४५ अंश व त्यावर लाल असे रंग ठरविले होते. इशारा मिळताच पालिकेतील नियुक्त अधिकाऱ्याने कोणाला कळवावे, रुग्णालयांनी कोणती सिद्धता ठेवावी, पाणी कोठे पुरवावे, हे खातेनिहाय लिहिलेले आहे. वृद्ध, बालके, झोपडपट्टीतील रहिवासी आणि उघड्यावर काम करणारे मजूर यांचा विशेष निर्देश आहे.

या रचनेचा पूर्वज शोधताना एकोणिसाव्या शतकातील दुष्काळ संहितांकडे लक्ष जाणे स्वाभाविक आहे. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर रिचर्ड स्ट्रॅची यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १८८० साली अहवाल दिला आणि १८८३ मध्ये संहितेचा मसुदा तयार झाला. त्यातही पूर्वतयारी, धोक्याची लक्षणे आणि प्रत्यक्ष दुष्काळ अशा पायऱ्या होत्या. धान्याचे भाव, लोकांचे दिशाहीन स्थलांतर ही लक्षणे स्थानिक अधिकाऱ्याने वाचायची आणि ठरलेली कार्यवाही सुरू करायची, अशी ती पद्धत होती. संकटाचे पायरीपायरीने वाचन करून प्रत्येक पायरीला कृती जोडणे हे तंत्र दोन्ही संहितांत समान आहे.

भेदही तितकेच महत्त्वाचे आहेत. दुष्काळ संहितेचा कर्ता साम्राज्य होते आणि वाचक कलेक्टर; भुकेला माणूस तिचा विषय होता, श्रोता नव्हता. १८७७ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी मदतकामांवरील मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा इतकी खाली आणली, तेव्हा मुंबई इलाख्यातील मजुरांनी कामे सोडून निषेध केला आणि पुणे सार्वजनिक सभेने दुष्काळी भागांची वृत्तान्तपत्रे सरकारला पाठवून पीडितांची बाजू मांडली. संहितेबाहेरच्या लेखनाला संहितेला जाब विचारावा लागला. अहमदाबादचा आराखडा निदान आपल्या परिशिष्टांमधून थेट नागरिकाला उद्देशून बोलतो : दुपारी बाहेर पडू नका, पाणी प्या, शेजारच्या म्हाताऱ्या माणसाची चौकशी करा. आज्ञार्थी क्रियापदांचा असा विनवणीचा वापर जुन्या संहितेत आढळत नाही.

परंतु एका बाबतीत जुनी संहिता अधिक भक्कम होती. तिच्यात खर्चाची तरतूद आणि अधिकाऱ्याचे उत्तरदायित्व निश्चित होते. आराखड्याला तसे वैधानिक बळ नव्हते. २०१३ साली उष्णतेची लाट केंद्राच्या अधिसूचित आपत्तींच्या यादीतही नव्हती. दुपारच्या कामाच्या वेळा बदलण्याचा सल्ला पालिका देऊ शकत होती. बुडालेली मजुरी भरून देणे तिच्या हाती नव्हते. रोजंदारीवरील माणसाला ‘दुपारी काम करू नका’ हे वाक्य आरोग्याचा सल्ला म्हणून ऐकू येते की उपासाची सूचना म्हणून, हा प्रश्न त्यामुळे अनुत्तरित राहिला. एला भट्ट यांनी १९७२ साली अहमदाबादेतच स्थापन केलेल्या ‘सेवा’ या संघटनेने २०२३ पासून असंघटित क्षेत्रातील स्त्रियांसाठी तापमानाशी निगडित विम्याचा प्रयोग केला, तो याच पोकळीतून. सार्वजनिक सभेने दीडशे वर्षांपूर्वी मांडलेला मजुरीचा मुद्दा वेगळ्या वेषात परतला, असे म्हणता येईल.

५

आराखड्याच्या भाषेचा प्रश्न तुलनाकाराच्या विशेष आस्थेचा आहे. मराठीत ‘हवामान’ हा शब्द रोजच्या हवेलाही चालतो आणि दीर्घकालीन हवामानालाही. म्हणून ‘हवामानबदल’ म्हटले की सामान्य वाचकाला आजउद्याचा फरक आठवतो, आणि शासकीय मराठीत ‘वातावरणीय बदल’ हा पर्याय पुढे आला. गुजरातीत ‘हवामान’ दैनंदिन हवेसाठी राखीव आहे आणि दीर्घकालीन अर्थासाठी फारसी वळणाचा ‘आबोहवा’ वापरला जातो. हिंदीने ‘जलवायु’ स्वीकारला. ‘आबोहवा’ आणि ‘जलवायु’ या दोन्ही शब्दांत पाणी व हवा यांची जोडी आहे. मराठी शब्दातून पाणी गळून गेले आहे.

गमतीची गोष्ट अशी की पालिकेचा आराखडा सामान्य माणसापर्यंत पोहोचतो तो या पारिभाषिक शब्दांमुळे नव्हे. त्याला वाट करून देतात ती लोकांच्या तोंडची रूपे : गुजराती-हिंदीतील ‘लू’, मराठीतील ‘ऊन लागणे’, आणि गुजरातीतील ‘परब’. मराठीत जिला पाणपोई म्हणतात तीच ही परब. वाटसरूला पाणी पाजणे हे पुण्यकर्म म्हणून शतकानुशतके चालत आले. आराखड्यातील पाणीपुरवठ्याच्या कलमाने त्याला पालिकेच्या कर्तव्याची जोड दिली. एका धर्मकृत्याचे असे नागरी रूपांतर होताना शब्द मात्र जुनाच राहिला, आणि बहुधा म्हणूनच ते सहज झाले. जुन्या शहरातील पोळांची अरुंद गल्ली, घरातील चौक आणि पावसाचे पाणी साठविणारे भुयारी टांके हीसुद्धा उन्हाळ्याला दिलेली लिपीविरहित उत्तरेच होती. साबरमतीच्या पूर्वेकडील गिरण्या बंद पडल्यावर असंघटित कामांत फेकल्या गेलेल्या कामगारांच्या पत्र्याच्या वस्त्यांना ती उत्तरे उपलब्ध नव्हती. २०१७ पासून छपरांना पांढरा परावर्तक रंग देण्याचा जो उपक्रम पालिकेने हाती घेतला, तो या अभावाला दिलेले अल्पखर्ची उत्तर आहे.

६

आराखड्याचा उपयोग झाला काय? २० मे २०१६ रोजी अहमदाबादचे तापमान ४८ अंशांवर गेले आणि १९१६ चा उच्चांक मागे पडला. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने २०१४ व २०१५ या वर्षांत आराखड्यामुळे दरवर्षी सरासरी सुमारे १,१९० मृत्यू टळले असावेत असा अंदाज वर्तविला. संख्याशास्त्रीय दृष्ट्या या अंदाजाचा पल्ला फार मोठा आहे, हेही त्याच अभ्यासात नमूद आहे. तरीही रोख स्पष्ट आहे.

या यशामुळे आराखड्याचे अनुकरण झाले. नागपूर आणि भुवनेश्वर ही शहरे लवकर पुढे आली, राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि काही वर्षांत राज्ये, जिल्हे व शहरे यांचे अनेक आराखडे तयार झाले. २०२३ साली दिल्लीतील सेंटर फॉर पॉलिसी रिसर्च या संस्थेने अशा ३७ आराखड्यांचे परीक्षण केले. बहुतेकांत स्थानिक परिस्थितीचा पुरेसा विचार नाही, निधीची तरतूद अपुरी आहे, कायदेशीर पाया दुबळा आहे आणि सर्वाधिक झळ कोणाला बसते याचा पद्धतशीर शोध केवळ दोन आराखड्यांत आहे, असा तिचा निष्कर्ष होता.

पाठांतराच्या अभ्यासकाला ही अवस्था परिचित वाटेल. मूळ संहितेची प्रत करताना अक्षरे उतरतात आणि संदर्भ सुटतो. कोरड्या अहमदाबादचे तापमानाचे टप्पे दमट किनाऱ्यावरील शहराने जसेच्या तसे उचलले, तर घाम न सुकण्याने होणारी हानी त्या रंगांच्या पट्टीत दिसणार नाही. विदर्भात जे तापमान नित्याचे, ते कोकणात संकटाचे असू शकते. अहमदाबादकडून घेण्याजोगी गोष्ट रंगांची पट्टी नसून तिच्या आधीची कृती आहे. त्या शहराने प्रथम आपली मृत्युनोंदवही उघडली आणि आपली माणसे मोजली. प्रत्येक नगरसंस्थेच्या दप्तरात अशी वही आहे. ती न उघडता लिहिलेला आराखडा दुसऱ्या शहराच्या उन्हाळ्याचे वर्णन ठरतो.