भांदक की भद्रावती?

नागपूरहून बल्लारशाहकडे जाताना वरोरा मागे पडलं की चंद्रपूरच्या आधी भांदक नावाचं स्टेशन येतं. उतरून गावात शिरलात की दुकानांच्या पाट्या, नगरपरिषद, तहसील कचेरी, सगळीकडे नाव दिसतं भद्रावती. गाव तेच. रेल्वेने जुनं नाव धरून ठेवलंय आणि सरकारदप्तरी पुराणातलं नाव लागलंय.

मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यात फिरायला जाणारा माणूस एकतर ताडोब्याला जातो नाहीतर त्याचं डोकं फिरलेलं असतं. मी दुसऱ्या गटातला. रिक्षावाल्या दादांना विजासनची लेणी म्हटलं तर त्यांनी लगेच विचारलं, "लेन्याच पाहाले आले का फक्त?" आणि वाटेत भद्रावतीची अख्खी कथा ऐकवली. युधिष्ठिराला अश्वमेधासाठी श्यामकर्ण घोडा हवा होता, तो होता यौवनाश्व राजाकडे, राजाची राजधानी भद्रावती, आणि भीमाने येऊन तो नेला. ती भद्रावती हीच!

कथा खरी आहे, म्हणजे ग्रंथात आहे. पण ती जैमिनीच्या अश्वमेधात आहे, व्यासांच्या आश्वमेधिक पर्वात नाही. मराठी घरांत जैमिनीचा अश्वमेध पिढ्यान् पिढ्या वाचला गेला, त्यामुळे गोष्ट सगळ्यांना ठाऊक. आता भद्रावती नावाचं गाव कर्नाटकातही आहे, भद्रा नदीच्या काठी. त्यामुळे नुसत्या नावावरून काही सिद्ध होत नाही. पण मग इथे नक्की काय होतं? कारण काहीतरी मोठं होतं, हे गावात तासभर फिरलं तरी कळतं.

विजासन टेकडीतलं लेणं मी आधी पाहिलेल्या कुठल्याच लेण्यासारखं नाही. अजिंठा, कार्ले, भाजे डोक्यात ठेवून गेलात तर गोंधळायला होतं. इथे ऐसपैस सभामंडप नाही. एक बोळ सरळ टेकडीच्या पोटात साधारण सत्तर फूट जातो आणि शेवटी बसलेली मोठी बुद्धमूर्ती. या बोळाला दोन्ही बाजूंनी आणखी फाटे, त्यांच्या टोकालाही बुद्ध. बाहेर ४५ अंश आणि आत गार. डोळे अंधाराला सरावेपर्यंत मूर्ती दिसत नाही, मग एकदम दिसते.

१८७० च्या दशकात अलेक्झांडर कनिंगहॅम या भागात आले. तेव्हाच्या संशोधकांपुढे एक कोडं होतं. सातव्या शतकात ह्युएन त्सांग कलिंगातून कोसल देशात आला. हे कोसल अयोध्येचं नव्हे, दक्षिणेतलं. त्याने लिहून ठेवलंय की राजा क्षत्रिय पण बौद्ध, शंभरेक संघाराम, दहा हजारांच्या आतबाहेर भिक्षू आणि देवांची सत्तर मंदिरं. राजधानीचं नाव मात्र लिहिलं नाही! (डॉक्युमेंटेशन अर्धवट सोडायची परंपरा बरीच जुनी दिसते.) त्याने दिलेली अंतरं नकाशावर मोजत फर्ग्युसन म्हणाले, वैरागड किंवा भांदक. दोन्ही आपल्याच जंगलातली.

भांदकचं पारडं जड व्हायला एक पुरावाही होता. नागपूरच्या संग्रहालयात एक शिलालेख आहे. सूर्यघोष नावाच्या राजाचा मुलगा राजवाड्याच्या छतावरून पडून गेला आणि त्या दुःखात राजाने बुद्धाचं मंदिर बांधलं. पुढे पांडुवंशी भवदेव रणकेसरीच्या काळात त्याचा जीर्णोद्धार झाला. हा दगड भांदकचा आहे असं बराच काळ धरलं गेलं. बौद्ध राजवंश, बुद्धमंदिर, शेजारी बौद्ध लेणी, सगळं चपखल बसत होतं. फक्त दगड इथला नव्हता. तो छत्तीसगडमधल्या आरंगचा, असा निष्कर्ष पुढे संशोधकांनी काढला. आता तो आरंगचा लेख म्हणूनच ओळखला जातो. आमच्या भाषेत सांगायचं तर डेटा बरोबर होता, सोर्सचा टॅग चुकला होता, आणि त्या टॅगवर लोकांनी अख्खा इतिहास कंपाइल केला.

हा दगड काढून घेतल्यावर भांदकचा दावा बराच उतरतो. आज बहुतेक अभ्यासक ह्युएन त्सांगची राजधानी छत्तीसगडमधलं सिरपूर मानतात, आणि तिथे उत्खननात निघालेले विहार बघता ते पटतं. कनिंगहॅमनी भांदकची वाकाटकांशीही सांगड घातली होती. पण वाकाटकांचे ताम्रपट नंदिवर्धन आणि प्रवरपूर या राजधान्या स्वतःच सांगतात. तिथेही भांदक नाही.

मग उरतं काय? मला वाटतं, पुष्कळ उरतं. भांदकला सापडलेला एक ताम्रपट आहे, शके ६९४ चा, म्हणजे इसवी सन ७७२. दान देणारा राजा राष्ट्रकूट कृष्ण पहिला. हाच तो वेरूळच्या कैलासाचा राजा! त्याची सत्ता या भागापर्यंत पोचली होती याचा हा लेखी पुरावा. हा ताम्रपट वाचून छापला वि. स. सुकथनकरांनी. पुढे पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे प्रमुख संपादक झाले तेच. मूळ महाभारत कुठलं आणि मागाहून घातलेलं कुठलं, हे निवडण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांच्या हातून भांदकचा पक्का तारीखवार कागद निघावा, याची मला भारी गंमत वाटली. श्यामकर्ण घोड्याबद्दल त्यांना विचारायला हवं होतं.

रिक्षात हे सगळं मी दादांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि भद्रनागाच्या देवळापाशी रिक्षा थांबवून आधी नमस्कार केला. नागपंचमीला इथे यात्रा भरते. पलीकडे जैन मंदिरात काळ्या दगडाचे पार्श्वनाथ आहेत, दूरदूरहून यात्रेकरू येतात. विजासनला बौद्ध उपासक येतात. यांतल्या कुणालाच गाव कुठल्या राजाची राजधानी होती यावाचून अडत नाही.

अडतं ते दुसरीकडे. गावाच्या एका अंगाला आयुध निर्माणी, दुसऱ्या अंगाला बरांजची उघडी कोळसा खाण, मधे वाढती वस्ती. खरं उत्तर असलंच तर याच मातीत आहे, आणि इथे रोज काही ना काही खणलं जातंय, फक्त इतिहासासाठी नाही. घराच्या पायात कोरीव दगड निघाला तर तो कुठे, किती खोल सापडला हे निदान कुणीतरी लिहून ठेवावं. नाहीतर तोही उद्या कुठल्यातरी संग्रहालयात भलत्याच गावाच्या नावाने उभा राहील.

जाणार असाल तर डिसेंबर-जानेवारीत जा, लेण्यासाठी टॉर्च न्या. आणि डोलारा तलावावरचा दगडी पूल चुकवू नका. जाड खांबांच्या रांगा, त्यांवर लांबलचक दगडी तुळया, पलीकडे बेट. संध्याकाळी तिथे बरं वाटतं.