उमिस्ता : कैदेतून सुटलेले मुखवटे

मंडळी, आज जरा लांबच्या मुलखात जाऊ या. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याला व्हँकुव्हर नावाचं बेट आहे. (व्हँकुव्हर शहर वेगळं, ते समोरच्या मुख्य भूमीवर.) या बेटाच्या उत्तर भागात, समोरच्या किनाऱ्यावर आणि मधल्या लहान लहान बेटांवर क्वाक्वाक्यवाक्व लोक राहतात. नाव उच्चारताना जीभ अडखळते खरी, पण अर्थ सोपा आहे. क्वाक्वाला भाषा बोलणारे ते क्वाक्वाक्यवाक्व. जुन्या पुस्तकांत त्यांनाच 'क्वाकिउट्ल' म्हटलेलं आढळतं.

त्यांच्या भाषेत 'उमिस्ता' असा एक शब्द आहे. पूर्वी लढाईत माणसं धरून नेत. त्यांतलं कुणी खंडणी भरून किंवा उलट चढाई करून सोडवून आणलं, की त्याला 'उमिस्ता' लाभली असं म्हणत. या एका शब्दाचा इतिहास आज सांगायचा आहे, आणि तो मुखवट्यांचा इतिहास आहे.

हे लोक मुळात सामन मासा आणि सीडर झाड यांवर जगणारे. सीडरच्या फळ्यांची मोठी घरं, सीडरच्या होड्या आणि सीडरच्याच सालीचे कपडे. उन्हाळ्यात मासे पकडून, धुरावर सुकवून साठवायचे आणि थंडी पडली की विधींचा काळ सुरू व्हायचा. मोठ्या घरात मधोमध आग पेटलेली, भोवती पाहुणे बसलेले, लाकडी ओंडक्यावर ठेका धरलेला आणि त्या उजेडात मुखवटे नाचायला येत.

मुखवटे तरी किती तऱ्हेचे! रानातली झुनुक्वा ही धिप्पाड बाई पाठीवर टोपली घेऊन मुलं पळवते. ओठांचा चंबू करून 'हू हू' असा आवाज काढते आणि नाचताना पेंगते. आपल्या बागुलबुवाची थोरली बहीणच म्हणा ना! पण हीच झुनुक्वा घराण्याला संपत्तीही देते. काही मुखवट्यांना बिजागऱ्या असतात. नाचणाऱ्याने दोरी ओढली की बाहेरचं पक्ष्याचं किंवा माशाचं तोंड दुभंगतं आणि आतून माणसाचा चेहरा प्रकट होतो. तो त्या घराण्याचा मूळ पुरुष. 'हमात्सा' नावाच्या सर्वांत मानाच्या नृत्यात प्रचंड चोचींचे पक्षी येतात. लाल रंगवलेल्या सीडर सालीच्या झालरींनी नाचणारा झाकलेला असतो, आणि दोरी ओढून तो ती लांब चोच खाड्‌खाड्‌ वाजवतो.

मुखवट्यांबरोबर वेषही येतो. सरदाराच्या शिरपेचाला कपाळावर कोरलेली लाकडी पट्टी, वर समुद्रसिंहाच्या मिशांचे ताठ केस आणि मागे अर्मिनची पांढरी कातडी. त्या मिशांच्या मधे गरुडाची मऊ पिसं भरतात. नाचताना ती घरभर तरंगत पसरतात, आणि ती शांततेची खूण मानतात. खांद्यावर लोकरी कांबळं. त्यावर शिंपल्यांची बटणं ओळीने शिवून कुळाचं चिन्ह काढलेलं. कांबळी आणि बटणं गोऱ्या व्यापाऱ्यांकडून आली, पण त्यांचं जे केलं ते यांचं स्वतःचं.

आणि शिट्ट्या! मला स्वतःला या साऱ्यात शिट्ट्यांचंच सर्वांत नवल वाटलं. लाकडाचा तुकडा उभा चिरायचा, दोन्ही अर्ध आतून कोरायची आणि पुन्हा जोडून दोऱ्याने घट्ट बांधायची. झाली शिट्टी. काही अलगुजासारख्या एका नळीच्या, काहींना दोन-तीन नळ्या, म्हणजे एका फुंकरीत दोन-तीन सूर. हमात्साची दीक्षा घेणारा तरुण गावातून नाहीसा होतो. उत्तरेच्या टोकाला राहणाऱ्या नरभक्षक शक्तीने त्याला नेलं, असं मानतात. मग रानातून या शिट्ट्या ऐकू येऊ लागतात. तो त्या शक्तीचा आवाज. तरुण परत येतो तो पिसाटलेला, आणि गाण्यांनी व नाचांनी त्याला हळूहळू माणसांत आणतात. मुखवटा सर्वांनी पाहायचा, पण शिट्टी फक्त ऐकायची. दीक्षा न झालेल्याच्या नजरेला ती पडू द्यायची नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. हे मुखवटे कुणीही घालावेत, कुणीही नाचावेत असे नव्हेत. अमुक मुखवटा, त्याचं गाणं, त्याचा नाच आणि त्याबरोबरचं नाव ही अमुक घराण्याची मालमत्ता. ती वारशाने किंवा लग्नसंबंधातून मिळते. ती मिळाली हे जाहीर करायला पाहुणे बोलवायचे, त्यांच्यासमोर नाचायचं, आणि साक्षीला आल्याबद्दल प्रत्येकाला त्याच्या मानाप्रमाणे भेट द्यायची. याला 'पॉटलॅच' म्हणतात. त्या किनाऱ्यावरच्या व्यापारी बोलीतला हा शब्द, अर्थ 'देणे'. लिपी नव्हती, कचेरी नव्हती. साक्षीदारांची आठवण हेच दप्तर आणि मुखवटा हाच सातबारा. नाव बदललं, लग्न झालं, कुणी वारलं, की त्याची नोंद पॉटलॅचमध्ये.

सरकारला आणि मिशनऱ्यांना यात उधळपट्टी तेवढी दिसली. जमवायचं सोडून वाटून टाकणारी माणसं 'सुधारणार' कशी, हा त्यांचा प्रश्न. १८८४ साली कायदा झाला आणि १८८५ पासून पॉटलॅच हा गुन्हा ठरला. शिक्षा कमीत कमी दोन महिने, जास्तीत जास्त सहा महिने तुरुंग. (आपल्याकडे त्याच साम्राज्याने १८७१ साली अख्ख्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा कायदा केला होता. माणसांना त्यांच्या रीतीभातींसकट गुन्ह्याच्या वहीत चढवायची ही विद्या सातासमुद्रापार सारखीच.)

लोकांनीही वाटा काढल्या. नाच आज करायचा आणि भेटी पुढे कधीतरी घरोघर पोचवायच्या. किंवा नाताळची भेट म्हणून द्यायच्या. नाताळात भेट देऊ नका असं मिशनरी कसं सांगणार!

अशाच नाताळाच्या सुमारास, डिसेंबर १९२१ मध्ये, डॅन क्रॅनमर यांनी आडबाजूच्या व्हिलेज आयलंडवर मोठा पॉटलॅच केला. सहा दिवस चालला. होड्या, मोटरबोटी, शिवणयंत्रं, ग्रामोफोन, पिठाची पोती, अगदी बिलियर्डची टेबलंसुद्धा वाटली गेली. बातमी फुटली. सरकारी एजंट विल्यम हॅलिडे याने खटले भरले. पंचेचाळीस जणांवर आरोप. गुन्हा काय? तर भाषण केलं, नाच केला, भेटी वाटल्या, भेटी घेतल्या.

मग सौदा पुढे आला. गावाने आपले सगळे मुखवटे आणि विधींचं सामान आणून दिलं, तर शिक्षा स्थगित. ज्यांनी दिलं ते सुटले. वीस स्त्रीपुरुष मात्र व्हँकुव्हरजवळच्या ओकाला तुरुंगात गेले.

विचार करा, मंडळी. एका पारड्यात आपल्या घरची म्हातारी माणसं आणि दुसऱ्या पारड्यात घराण्याचं नाव. यातलं काहीही उचललं तरी कायमची बोच. आणि ज्यांनी सामान दिलं त्यांनी माणसं वाचवली, त्यांना कोण काय म्हणणार?

जमा झालेल्या वस्तू साडेचारशेच्या वर होत्या. मुखवटे, खुळखुळे, शिट्ट्या, आणि तांब्याचे ते मोठे पत्रे, ज्यांना प्रत्येकी स्वतःचं नाव असे. हे सगळं हॅलिडेने अॅलर्ट बे गावच्या चर्चच्या सभागृहात बाकांवर मांडलं आणि तिकीट लावून दाखवलं. जी शिट्टी कुणाच्या दृष्टीस पडायची नाही, ती बाकावर! नंतर न्यूयॉर्कचे संग्राहक जॉर्ज हाय यांनी पस्तीस वस्तू विकत नेल्या. बाकीच्या बहुतेक ओटावा आणि टोरांटोच्या संग्रहालयांत गेल्या. काही त्या खात्याचे सर्वोच्च अधिकारी डंकन कॅम्पबेल स्कॉट यांनी स्वतःकडे ठेवल्या. हे स्कॉट कॅनडाचे नावाजलेले कवी. आयुष्यभर मुलांना कविता शिकवलेल्या माणसाला हे वाचून काय वाटलं ते लिहीत नाही.

१९५१ साली नव्या कायद्यातून ते कलम गुपचूप गळलं. ना माफी, ना घोषणा. १९५३ साली व्हिक्टोरिया शहरात मुंगो मार्टिन या थोर शिल्पकाराने आपल्या हातांनी मोठं घर उभारून उघड पॉटलॅच केला. बंदीनंतरचा तो पहिला कायदेशीर पॉटलॅच. गाणी शिल्लक होती, कारण म्हाताऱ्यांनी ती जपली होती. मुखवटे मात्र अजून कपाटांतच.

ते परत मागायला पुढे वीस-पंचवीस वर्षं गेली. ओटावाच्या संग्रहालयाने अट घातली की आधी संग्रहालय बांधा. लोकांनी दोन बांधली. १९७९ साली केप मज इथे आणि १९८० साली अॅलर्ट बे इथे. या दुसऱ्याचं नाव 'उमिस्ता'. त्याच्या उभारणीत डॅन क्रॅनमर यांची कन्या ग्लोरिया क्रॅनमर वेब्स्टर यांचा मोठा वाटा होता. वडिलांच्या पॉटलॅचमधून गेलेलं लेकीने परत आणलं. टोरांटोचा वाटा १९८८ मध्ये आला. हाय यांच्या संग्रहातलं काही १९९३ मध्ये आलं. एक शिरपेच तर फ्रेंच कवी आंद्रे ब्रेताँ यांच्याकडे निघाला. त्यांच्या मुलीने तो २००३ साली परत केला. एक कवी ठेवून घेतो, दुसऱ्या कवीची लेक आणून देते. इतिहासात असंही घडतं.

'उमिस्ता'त हे मुखवटे काचेच्या पेट्यांत ठेवलेले नाहीत. पुष्कळ वर्षं कोंडून राहिले, आता पुरे, असा त्यामागचा विचार. मांडणीही पॉटलॅचमध्ये ते ज्या क्रमाने येतात त्या क्रमाने.

या इमारतीच्या शेजारीच विटांची एक मोठी शाळा उभी होती, सेंट मायकल्स. ठिकठिकाणची मुलं आईबापांपासून तोडून तिथं ठेवत आणि क्वाक्वाला बोललं की शिक्षा करत. फेब्रुवारी २०१५ मध्ये ती पाडण्यात आली. ती पाडताना पाहायला तिथले जुने विद्यार्थी जमले होते. मी जन्मभर शाळेत काढलं, शाळा पडताना कुणाला हायसं वाटावं ही कल्पनाच मला सोसत नाही. पण त्यांना तसं का वाटलं असेल ते समजतं.

मुखवटा परत आणता येतो. वहीत नोंद असते, पावती असते, पत्रव्यवहार करता येतो. मुलाच्या तोंडून काढून घेतलेल्या भाषेची पावती कुठल्याच संग्रहालयात मिळत नाही. क्वाक्वाला लहानपणापासून बोलणारी माणसं आता थोडीच उरली आहेत, आणि तिथली तरुण मंडळी त्यांच्याजवळ बसून शब्द शिकत आहेत. मुखवट्याला नाचायला गाणं लागतं आणि गाण्याला भाषा. ती उमिस्ता अजून चालू आहे.

असो. फार लिहिलं. कॅनडात असलेल्या आपल्या मुलाबाळांनी सवड काढून अॅलर्ट बेला जाऊन यावं आणि काय पाहिलं ते मला सविस्तर कळवावं.