मानमोडीच्या साथीतील मुंबई

१० जून १९१८ रोजी मुंबईच्या गोदीवर पहाऱ्यास असलेल्या सात पोलीस शिपायांना ताप भरला, आणि तो हिवतापाचा नव्हे असे दिसून आल्यावरून त्यांची इस्पितळात रवानगी झाली. मुंबई शहरातील इन्फ्लुएंझाच्या साथीचा लेखी वृत्तांत या एवढ्याशा नोंदीपासून सुरू होतो. पुढल्या दहा-बारा दिवसांत गोदीतले हमाल, पोर्ट ट्रस्टचे नोकर, बँकेतले व तारखात्यातले कारकून, टांकसाळीतले व गिरण्यांतले कामगार असे एकामागून एक आजारी पडू लागले, आणि महिना संपण्याच्या आत, ज्या घरात कोणीच अंथरूण धरले नाही असे घर शहरात विरळा झाले. दुखणे मात्र तीन-चार दिवसांचे; डोके, कंबर व मान ठणके, अंग मोडून येई, मग घाम येऊन ताप उतरे, आणि अशक्तपणा अंगात असतानाच माणूस पुन्हा कामावर रुजू होई. लोक या तापाला मानमोडी म्हणू लागले. जुलैत त्याचा जोर ओसरला तेव्हा, जे दुखणे सर्वांना झाले आणि ज्याने फारसे कोणाला नेले नाही, त्याचे भय बाळगण्याचे कारण नाही अशी बहुतेकांची समजूत झाली. ती चुकीची ठरविण्याइतके ज्ञान तेव्हा डॉक्टरांजवळही नव्हते, कारण या रोगाचे मूळ म्हणून १८९२ पासून ज्या जंतूकडे बोट दाखविले जात होते तो त्याचे मूळ नव्हताच, आणि खरा विषाणू संशोधकांच्या हाती लागला तो १९३३ साली, लंडनमध्ये.

या पहिल्या लाटेतच एक वाद उभा राहिला, आणि तो मला साऱ्या प्रकरणात फार बोलका वाटतो. म्युनिसिपालिटीचे आरोग्याधिकारी डॉ. टर्नर यांचे म्हणणे असे की, मे महिन्याच्या अखेरीस गोदीला लागलेल्या एका जहाजाच्या खलाशांनी हा ताप शहरात आणला. उलट सरकारपक्षाचे म्हणणे असे की, त्या खलाशांनाच तो मुंबईत जडला. लढाई चालू होती, बसऱ्याकडे जाणाऱ्या-येणाऱ्या पलटणी याच बंदरातून चढत-उतरत होत्या, आणि गोदीच्या फाटकाआड काय चालते हे रयतेला सांगण्याची सरकारला गरज वाटत नव्हती. जहाज कोणते, ते कोठून आले, त्यावर आजारी किती होते, या साध्या प्रश्नांची उत्तरे एका जबाबदार अधिकाऱ्याने द्यावीत आणि त्याच्यावरच्या सत्तेने दोष शहराच्या माथी मारावा, हे पाहिल्यावर सामान्य माणसाने कोणावर भरवसा ठेवायचा? त्यातही मुंबईकराच्या बाबतीत हा प्रश्न कोऱ्या पाटीवर लिहिलेला नव्हता. बावीस वर्षांपूर्वीच्या प्लेगची आठवण ज्यांच्या मनात जिवंत होती असे लाखो लोक त्या चाळींतून राहत होते.

प्लेगचा रोग विषाणूचा नव्हे; परंतु १९१८ साली सरकार व प्रजा एकमेकांशी कशी वागली हे समजून घ्यायचे, तर आधी १८९६ कडे वळणे प्राप्त आहे. त्या वर्षीच्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकेशियो व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचे निदान प्लेग असे केले, आणि ऑक्टोबरात रोग्यांना सक्तीने इस्पितळात नेण्याचा अधिकार आरोग्यखात्यास मिळाला. हा अधिकार कागदावर जितका निर्दोष दिसतो तितका तो चाळीच्या उंबरठ्यावर दिसत नव्हता. घरातला माणूस तापाने फणफणला की शिपाई येत, डोली येई, रोग्याला आर्थर रोडच्या इस्पितळात नेत. आणि बहुधा अगदी शेवटल्या अवस्थेत नेल्यामुळे तो परत येण्याचा संभव थोडा असे. इस्पितळाच्या भिंतीबाहेर ताटकळणाऱ्या बायकामाणसांना एवढेच दिसे की, आत गेलेला माणूस बाहेर येत नाही. तेथे माणसांची काळजे काढतात, त्यांना उलटे टांगून त्यांच्या अंगातून मोमियाईचे तेल गाळतात, राणीच्या पुतळ्याला डांबर फासल्याचा सूड म्हणून मुंबईकरांचे बळी हवे आहेत, अशा आवया उठल्या त्या याच भिंतीपाशी. या आवयांची संभावना ‘अडाण्यांच्या भाकडकथा’ अशी करून मोकळे होणाऱ्यांशी माझे जमत नाही. ज्याला आतली हकीकत कोणी सांगितली नाही, आपल्या मृताला हातांनी अग्नी देण्याची ज्याला शाश्वती उरली नाही, त्याने दिसणाऱ्या गोष्टींचा लावलेला तो अर्थ होता. अर्थ खोटा होता, पण ज्या दुःखातून तो निघाला ते खोटे नव्हते. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणीकामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. म्युनिसिपल कमिशनर स्नो यांना त्या दिवसांत खरी धास्ती होती ती शहराची सफाई करणारे हलालखोर भिऊन निघून जातील याची. कारण ते गेले असते तर शहर राहण्यालायक उरले नसते, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि सक्तीला कायद्याचे पाठबळ मिळाले. मुंबईत जनरल गॅटेकर यांच्या व पुण्यात रँडसाहेबांच्या अध्यक्षतेखाली प्लेग कमिट्या बसल्या, पुण्यात घरझडतीसाठी गोरे सोजीर उतरले, आणि मग जे झाले ते महाराष्ट्राच्या इतिहासात सर्वांना ठाऊक आहे. रेल्वे स्टेशनांवर उतारूंची तपासणी होई तेव्हा काखा-जांघांत गाठ आहे का हे पाहण्यासाठी स्त्रियांना परपुरुषांपुढे उभे राहावे लागे. मुंबईत ज्या घरात रोगी सापडे त्याच्या दारावर तांबड्या रंगाचे वर्तुळ काढून आत तारीख घालीत. एखाद्या जुन्या चाळीच्या दारांवर अशी दोन-दोन, चार-चार वर्तुळे दाटीने बसलेली त्या काळच्या छायाचित्रांत आजही पाहावयास मिळतात, आणि ती पाहताना, आपल्याच घराच्या दाराला हात लावण्यापूर्वी मनुष्याला काय वाटत असेल याचा अंदाज येतो. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर दामोदर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. पुढल्या महिन्यात टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. मार्च १८९८ मध्ये मुंबईत विणकरांच्या वस्तीत एका मुलीच्या तपासणीवरून दंगल पेटली. त्यानंतर सरकारने हात आवरता घेतला. ज्ञातींची खाजगी इस्पितळे चालू द्यावीत, रोग्यापाशी त्याच्या नातलगांना राहू द्यावे, लस मर्जीवर सोडावी, असे धोरण हळूहळू रूढ झाले.

याच प्लेगच्या वर्षातली दुसरी एक गोष्ट मात्र या झडत्यांच्या शेजारी ठेवून पाहिली पाहिजे. पुण्याबाहेर हडपसरच्या माळावर सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी रोग्यांसाठी दवाखाना चालविला होता. मुंढव्याच्या दलित वस्तीतील एका मुलाला गाठ आल्याचे कळताच सावित्रीबाईंनी त्याला स्वतः पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. मुलगा वाचला, आणि सावित्रीबाईंना १० मार्च १८९७ रोजी प्लेगने मृत्यू आला. रोग्याला घरातून हलवायचे हीच दोन्हीकडची कृती; परंतु सरकारी डोली पाहून ज्या वस्तीने दारे लावून घेतली असती, त्या वस्तीने आपले मूल या बाईच्या स्वाधीन केले, कारण पन्नास वर्षे शाळा, विहीर व अन्नछत्र या मार्गांनी ती त्यांच्या ओळखीची झालेली होती.

आता पुन्हा १९१८. सप्टेंबरात मानमोडी परत आली ती निराळ्याच रूपाने. या वेळी तापावर छातीचे दुखणे येई, फुप्फुसे भरत, आणि पहिल्या लाटेत ज्यांचे काही बिघडले नव्हते अशी वीस ते चाळीस वयाची धडधाकट माणसे चार-पाच दिवसांत जात. ६ ऑक्टोबर रोजी एका दिवसात मुंबईत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. पाऊस त्या वर्षी दगा देऊन गेला होता, धान्य महाग झाले होते, लष्करी सेवेतील पुष्कळ डॉक्टर लढाईवर होते. अशा वेळी सरकारने काय केले? सक्ती केली नाही, हे खरे. १८९७ चा धडा ते शिकलेले होते. घरझडत्या नाहीत, छावण्या नाहीत, दारावर वर्तुळे नाहीत. हा संयम काही अंशी योग्यही होता, कारण शिंकेतून व खोकल्यातून पसरणाऱ्या या रोगाला छावणीच्या तारेने अडविणे अशक्य होते. परंतु हात आवरणे आणि हात झटकणे यांतले अंतर त्या दोन महिन्यांत राखले गेले नाही. मोकळ्या हवेत निजा, गर्दी टाळा, गुळण्या करा, विश्रांती घ्या, असे सल्ले प्रसिद्ध होत. आणि हे सल्ले ज्यांनी वाचायचे ते दहा बाय दहाच्या खोलीत आठ-आठ जण राहत असून एक दिवस खाडा केला तर मजुरी बुडत होती. अधिकारी मंडळी थंड हवेच्या ठिकाणी आणि प्रजा दैवाच्या हवाली, ही देशी वृत्तपत्रांची तक्रार त्या दिवसांत वारंवार उमटली, ती उगाच नव्हे. ज्या प्रजेने एकदा सरकारच्या अतिरेकी हाताचा अनुभव घेतला होता, तिला आता त्याच्या गैरहजेरीचा अनुभव येत होता, आणि दोन्हींतून तिने काढलेला निष्कर्ष एकच होता.

ती पोकळी भरून काढली ती शहरातल्या लोकांनीच. ना. म. जोशी यांनी १९११ साली स्थापिलेल्या सोशल सर्व्हिस लीगचे कार्यकर्ते, निरनिराळ्या ज्ञातींच्या संस्था, खाजगी धंदा करणारे डॉक्टर आणि कॉलेजांतले विद्यार्थी यांची पथके वाड्या-चाळींतून फिरू लागली. त्यांचे काम वर्णन करायला बसले तर अगदी साधे दिसते: औषध पोचवायचे, दूध पोचवायचे, कांबळे द्यायचे, आणि ज्या खोलीत उठून पाणी भरणारेही कोणी राहिले नाही तेथे ते भरून ठेवायचे. मानमोडीवर गुणकारी असे औषध तेव्हा अस्तित्वातच नव्हते. बाटलीला चिकटविलेल्या कागदी पट्टीच्या खुणांप्रमाणे घोट घोट घ्यायचे ते मिक्स्चर ताप जरा हलका करी, एवढेच. तरीही माणसे वाचली ती पुष्कळदा या शुश्रूषेने, कारण न्युमोनियाच्या रोग्याला ऊब, पाणी व पातळ अन्न वेळेवर मिळणे यातच त्याचा निम्मा निभाव असतो, आणि जेथे सगळे घरच आडवे होते तेथे ते देणार कोण हाच प्रश्न असतो.

माझ्या मते या पथकांना लोकांनी दारे उघडली याचे कारण त्यांच्या पेशात किंवा ज्ञातीत शोधण्यापेक्षा त्यांच्या कामाच्या पद्धतीत शोधावे. १८९७ मध्ये दारात अनोळखी माणूस उभा राहिला की घरातले कोणी तरी नेले जाई. १९१८ मध्ये तो येताना काही तरी घेऊन येई, रोग्याला जागच्या जागी ठेवी, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येई. दुसऱ्या दिवशीची ही खेप मला सर्वांत महत्त्वाची वाटते. दूध एकदाच देऊन गेलेला माणूस उपकारकर्ता ठरतो. रोज येणाऱ्याला, शेजारच्या खोलीत लपवून ठेवलेला आजारीही दाखविला जातो.

या सेवेचे गुण गाताना तिच्या मर्यादा झाकणे मात्र अन्यायाचे होईल. आरोग्यखात्याच्या आकड्यांप्रमाणे मुंबईतील युरोपियनांत दर हजारी ८.३ आणि पारशांत ९ मृत्यू झाले, इतर हिंदूंत १८.९, मुसलमानांत १९.२, आणि ज्यांना समाजाने खालच्या जातीचे म्हणून दूर ठेवले होते त्या हिंदूंत ६१.६. एकाच शहरात, एकाच हवेत, एकाच विषाणूने मरणाऱ्यांत सातपट अंतर! हे अंतर शंभर पथकांनी दोन महिन्यांत बुजण्यासारखे नव्हते. ते वस्तीच्या जागेत, नळाच्या अंतरात, पोटातल्या भाकरीत पिढ्यान्‌पिढ्या साठत आलेले होते. प्लेगनंतर शहर सुधारण्यासाठी १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, रुंद रस्ते झाले, पण वीस वर्षांनी मृत्यू पुन्हा त्याच दाराने आत आला.

आणि खेड्यांत तर पथकेही नव्हती. मुंबई इलाख्यात त्या साथीने दहा लाखांहून अधिक माणसे मेली, साऱ्या हिंदुस्थानात किमान एक कोटी वीस लाख. अभ्यासक आता हा आकडा दोन कोटींपर्यंतही नेतात. आकड्यांत इतका फरक पडतो त्याचे कारण दप्तरात आहे. जन्ममृत्यूची नोंद ठेवायची ती गावच्या पोलीसपाटलाने. पाटीलच अंथरुणावर, कोतवाल अंथरुणावर, मग नोंद करणार कोण आणि कचेरीत पोचविणार कोण? गेलेल्यांची पुरती कल्पना सरकारला आली ती पुढे १९२१ च्या खानेसुमारीत, माणसे मोजताना ती कमी भरली तेव्हा. आजच्या भारताच्या प्रदेशापुरते पाहिले, तर खानेसुमारीच्या इतिहासात लोकसंख्या घटलेले हे एकच दशक आहे.

मुंबईत साथ नोव्हेंबरात उतरली, आणि जानेवारी १९१९ मध्ये एक लाखाहून अधिक गिरणीकामगार महागाईने गांजून संपावर गेले. साथीमुळे संप झाला असे मी म्हणणार नाही. धान्याचे भाव त्याला पुरेसे कारण होते. परंतु त्या वर्षी वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय मजूर परिषद भरली, तेव्हा हिंदुस्थानच्या कामगारांच्या वतीने बोलण्यास कोणाला पाठवावे असा प्रश्न सरकारपुढे आला, आणि सरकारने नेमणूक केली ती सोशल सर्व्हिस लीगच्या ना. म. जोशींची. पुढल्याच वर्षी, ऑक्टोबर १९२० मध्ये, अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस मुंबईत स्थापन झाली, तिच्या उभारणीतही ते होते. गिरणगावच्या चाळींत हे गृहस्थ कोण हे त्या वेळी कोणाला विचारावे लागत नव्हते.